अर्धी राहिलेली ताल

ये गं, अशी जवळ सरक. लांब तिकडं पुण्यात बसून वाचत असलीस तरी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलीयस असं समज, म्हणजे मला लिहायला बरं पडेल. आणि आधी दोन शब्द ऐकून घे. दगडाच्या ढिगात हात घालायचा नाही, हे मी तुला, तू पाच वर्षांची असल्यापासून सांगतेय. मुठीत सापसुरळी धरून फोटो काढतेस आणि तो आजीला पाठवतेस! वर वडूजपर्यंत येऊन, दिवसभर माळानं सरडे-साप शोधत हिंडून, आमच्या फाट्यावरनं तशीच माघारी जातेस. आजीचं घर काय सापाच्या बिळापेक्षा अडचणीत आहे का?

बरं ते जाऊ दे. त्या फोटोखाली तू विचारलं होतंस, ‘आजी, तू कधी रानात मोकळा नाग पाहिलास का?’ मी ‘नाही’ म्हणून कळवलं.

ते खोटं आहे. हेच ‘नाही’ मी पन्नास वर्षांपूर्वी पहिल्यांदा म्हणाले, तेव्हाही ते खोटंच होतं. फोनवर सांगितलं असतं, पण शेजारच्या खोलीत तुझी धाकटी आजी असते. तिचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. म्हणून लिहिते. माझं अक्षर मोठं आहे, शाळेतलं नाही, तर सावकाश वाच.

तुझी धाकटी आजी म्हणजे माझी जाऊ. माझ्या धाकट्या दिराची बायको. माहेर तिचं माधवनगरचं, बाप तिथल्या गिरणीत. भोंग्यावर उठणारी, नळाचं पाणी प्यालेली पोरगी ती, आमच्या ह्या खडकाळ गावात लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी विहिरीच्या पायऱ्या बघून म्हणाली, “आक्का, हितनं रोज खाली उतरायचं?” मी म्हणाले, “न्हाई गं, फकस्त पाणी लागंल तवाच.” ती इतकी हसली की घागर सुटली हातातनं. तेव्हापासून आमचं जमलं. आत्याबाईंच्या, म्हणजे आमच्या सासूच्या, त्या घरात मी चार वर्षं एकटी राबले होते. हसायला माणूस नव्हतं. ती आली आणि हसायला माणूस मिळालं, एवढं ध्यानात ठेव. पुढं लागेल.

आणि दीर. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, आता तरी कशाला घेऊ. भाऊजी म्हणायची. पलटणीत भरती व्हायच्या आधी त्यांनी मला त्यांची जुनी पाटी दिली. “वहिनी, ह्यो क. कमरंवर दोन्ही हात ठिवून हुभी ऱ्हायलेली बाई समजा. तुमीच समजा की!” पाच-सहा अक्षरं शिकवली आणि गेले निघून. बाकीची मी दुकानातनं गूळ-शेंगदाणे बांधून आलेल्या कागदांवर गिरवली. तुझे आजोबा रानात असायचे, आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, तेव्हा भाऊजींची पत्रं घरात मीच वाचायची. प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ मला असायची, ‘वहिनी, ही ओळ अडखळली तर पाटी परत घेईन.’ मुद्दाम त्यात जोडाक्षरं घालायचे.

लग्नानंतर ते दोनदाच रजेवर आले. दोन्ही मिळून अडीच महिन्यांचा संसार झाला धाकलीचा. दुसऱ्या रजेत त्यांनी वरच्या रानात ताल घालायला घेतली. ताल म्हणजे तुला ठाऊक आहे, उतारावरची माती पावसानं वाहून जाऊ नये म्हणून रचतात ती दगडाची भिंत. त्यांचं रचणं देखणं. दगड हातात घेऊन फिरवायचे, तोंड शोधायचे आणि असा बसवायचे की मागनं बारक्या दगडाची चिप्पी लावायला नको. निम्मी ताल झाली आणि रजा संपली. जाताना सगळ्यांना बजावलं, “पुढल्या रजंला पुरी करतो. कुणी हात लावू नका. दुसऱ्याचा हात लागला की ताल फुगती.”

त्याच वर्षी लढाई झाली. एकाहत्तरची. ती संपल्यावर तार आली, इंग्रजीत. पोस्टमास्तरांनी अंगणात उभं राहून वाचली. आत्याबाईंनी विचारलं, “म्हंजे काय झालं म्हणायचं, मास्तर?” मास्तर बिचारे घाम पुसत म्हणाले, “म्हातारे, गेला असं लिवल्यालं न्हाई. हाय असंबी लिवल्यालं न्हाई.”

मेलेल्या माणसाचं काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. जिवंत माणसाचंही. पण असल्या माणसाचं काय करायचं? आमच्या घरात त्याची एक रीत होती. आत्याबाईंना त्यांच्या सासूनं सांगितलेली, आणि मला वाटतं तिच्या सासूनं तिला. इच्छा मागं ठेवून गेलेला पुरुष आपल्याच जागेत नाग होऊन येतो, हे तर तू अवतीभवती कितीतरी ऐकलं असशील. आमच्यात त्यापुढं एक होतं. बेपत्ता माणसाला तीन चैत्र बघायचं. पाडव्यापासून पुनवेच्या आदल्या दिवसापर्यंत रोज सकाळी, त्याचा जीव जिथं अडकलाय त्या जागेवर जायचं. पायात वहाण नको, हातात काठी नको. नाग दिसला आणि माणूस बघूनही पळाला नाही, तर तो आपला माणूस. मग त्याचं क्रियाकर्म करायचं. तीन चैत्र नाहीच दिसला, तर तो कुठंतरी जिवंत आहे.

आणि बघायचं कुणी? आईनं बघितलेलं धरत नाहीत. बायकोनं बघितलेलंही नाही. आत्याबाई म्हणायच्या, “आईच्या आन बायकूच्या डोळ्यात तोच बसल्याला आसतो. त्यांस्नी दोरीबी हालताना दिसंल.” बघायचं थोरल्या वहिनीनं. म्हणजे मी.

माझ्या दोन डोळ्यांवर सगळं होतं. आत्याबाईंनी धाकलीला पहिल्याच वर्षी समोर बसवून सांगितलं होतं, “पोरी, दिसला तर तू मोकळी. तुझ्या बापाकडं जा, पुढचं तुजं तू बघ, मी आडवी येनार न्हाई. न्हाई दिसला तर तो हाय. आन तो हाय तवर तू ह्याच घरात.” बाई कडक होती, पण शब्दाची पक्की होती.

पहिल्या चैत्रात मला भीतीही वाटायची आणि हसूही यायचं. त्या दोघी खाली बोरीच्या झाडाखाली तालीकडं पाठ करून बसायच्या, कारण त्यांनी चुकूनही बघायचं नव्हतं, आणि मी एकटी वर. मला तोवर सगळे साप सारखेच. रोज खाली येऊन मी काय काय दिसलं ते सांगायची. “आत्याबाई, सरडा हुता, गळा लाल केल्याला.” “सरडा न्हवं.” “घोरपड गेली वो, ह्येवडी.” “घोरपडीला मी काय करू?” एकदा धामण दिसली तर मी पळत सुटले आणि निवडुंगात पडले. धाकली आठ दिवस माझ्या पायातले काटे काढत होती आणि काढताना म्हणत होती, “आक्का, धामणच पळाली का तुमीबी पळाला?” तिला तेव्हा पक्कं वाटत होतं की भाऊजी येणार. मलाही.

दुसऱ्या चैत्रात दुष्काळ. आम्ही दोघी खडी फोडायच्या कामावर. तरी उजाडताना मी तालीवर जाऊन मगच कामावर जायची. दगड गार पडलेले, नुसती धूळ. साप काय, मुंगीसुद्धा दिसायची नाही. धाकली काही विचारायची नाही. खडी फोडताना तिच्या हातोडीचा आवाज बाकीच्या बायकांपेक्षा वेगळा यायचा, एकसारखा, मध्ये न थांबणारा. तिच्या बोलण्यातनं ‘ते आल्यावर’ हे दोन शब्द त्याच वर्षी गेले. मला ते पुढं कितीतरी दिवसांनी कळलं. शब्द गेलेला ऐकू येत नाही ना.

मग तिसरा चैत्र. मागल्या पावसानं सगळं भरून काढलं होतं. करंजांना नवी पानं फुटलेली, लिंबाचा मोहर अंगणभर. आणि दगडादगडावर जीव! एवढी जनावरं मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. तू असतीस तर वेडी झाली असतीस. पाडव्यापासून रोज मी एकेका फटीत वाकून बघायची आणि रोज खाली येऊन ‘न्हाई’ म्हणायची. ती सगळी ‘न्हाई’ खरी होती.

पुनव चार दिवसांवर आली तेव्हा धाकलीच्या भावाचं पत्र आलं. मीच वाचलं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. ‘पुनवेला येतो. बहिणीला पाठवायचं ठरलं तर घेऊन जाईन. इथं शिवणाच्या वर्गात तिच्यासाठी जागा धरून ठेवली आहे.’ धाकली तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. सुपातला एक खडा उचलला, बघितला, आणि परत सुपात टाकला. मी ते बघितलं, आणि मला वाटलं, पोरगी घाबरली. कुंकू पुसावं लागेल म्हणून.

पुनवेच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचं बघायला निघालो. ऊन सकाळीच चटकायला लागलं होतं. आत्याबाई पुढं, गुडघा धरत. मागं आम्ही दोघी. बोरीजवळ आल्यावर धाकलीनं माझ्या पदराचं टोक धरलं. आत्याबाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “आक्का, जे आसंल त्ये सांगा. माझ्या तोंडाकडं बघून सांगू नगा.”

“गप गं,” मी म्हणाले. “काय बी नसतंय.”

“आसलं तर म्हणत्ये.”

मी तिच्या पाठीवर हात फिरवला. हे सगळं मला आता अक्षरन् अक्षर आठवतं, आणि तेव्हा मी त्यातलं एक अक्षर ऐकलं नाही.

वर गेले. तालीवर एक सरडा अंग वरखाली करत होता. मला बघून नाही, दुसरंच काहीतरी कळल्यासारखा तो एकदम खाली उतरला. एक सापसुरळी चमकत गेली आणि फटीत शिरली. मग सगळं शांत झालं. माळावर एरवी टिटवी तरी ओरडत असते. तीही नाही. तालीच्या दोन दगडांच्या मध्ये मला कात दिसली. ताजी होती गं. वाळून कडक झालेली नव्हती, बोटाला ओलसर लागली. मी ती अलगद ओढत गेले, हातभर, दोन हात, तशी ती तालीच्या अर्धवट सोडलेल्या टोकाकडं यायला लागली. जिथं भाऊजींनी शेवटचा दगड बसवला होता तिथं. चपटा दगड होता तो, पाटासारखा.

त्यावर नाग होता.

वेटोळं घालून नाही, असा सैल, ऊन खात पडलेला. पिकल्या गव्हाचा रंग. नुकती कात टाकलेली, तेव्हा अंग असं की तेल लावून पुसून घेतलंय. त्यानं डोकं वीतभर वर केलं. फणा पुरता काढला नाही. नुसता माझ्याकडं बघत राहिला.

मी म्हणाले, “भाऊजी.”

तो हलला नाही. तू मला आता सांगशील की साप ऐकत नाही, माझे ओठ हलले ते त्याला कळलंही नसेल, कात टाकल्यावर तो सुस्त असतो. तू सांगितलेलं सगळं मला पटेल. दगडाच्या तालीत चैत्राच्या उन्हात नाग नाही दिसणार तर काय दिसणार, हेही मला कळतं. तेव्हाही कळत होतं. पण माझ्या तोंडून पुढं जे निघालं ते ऐक. मी म्हणाले, “आत्याबाईंचा गुडघा आता बराय. खोंड इकला. धाकली बरी हाय.” पत्रात लिहितात तसं. आणि ‘धाकली बरी हाय’ म्हटल्यावर त्यानं डोकं खाली घेतलं, आणि तालीच्या उघड्या टोकाला, पुढचा दगड जिथं बसायचा होता त्या भगदाडात सावकाश आत गेला. शेपटीचं टोक जाईपर्यंत मी उभी होते. पाय भाजत होते ते मला घरी गेल्यावर कळलं.

हातात कात होती. ती मी घडी घातली आणि कमरेला, लुगड्याच्या ओच्यात खोवली. का खोवली? मला त्या घडीला सांगता आलं नसतं. पण माणसाला खरं सांगायचं असतं तेव्हा तो हातातलं लपवत नाही. म्हणजे मी वरच ठरवलं होतं.

खाली उतरताना त्या दोघींच्या पाठी दिसत होत्या. आत्याबाईंची वाकलेली. धाकलीची ताठ. तिनं त्या दिवशी अंबाडा इतका घट्ट घातला होता की मान उघडी पडली होती, आणि त्या मानेवर घामाचे थेंब होते. वीस-एकवीस वर्षांची पोर. मी ‘दिसला’ म्हणाले की इथंच, ह्या बोरीखाली, आत्याबाई दगड घेऊन तिच्या बांगड्या फोडणार. माझ्या एका शब्दानं भाऊजी मरणार. ज्या माणसानं मला शब्द दिले त्याला मी शब्दानं मारू? असं माझ्या मनात चाललं होतं. आणि त्याच्या खाली, तळाला, आणखी एक होतं. ते मी पुढं सांगते. आत्ता सांगवत नाही.

“काय गं?” आत्याबाई पाठ न वळवता म्हणाल्या.

“न्हाई दिसला.”

आत्याबाई रडल्या. हसत रडल्या. माती उचलून माझ्या कपाळाला लावली, “हाय माझा ल्योक, हाय, हाय,” म्हणत राहिल्या. धाकली उठली. माझ्यासमोर आली.

“नीट बघितलंसा?”

“व्हय.”

“पार टोकाला?”

“व्हय गं.”

मग ती नुसतं म्हणाली, “आक्का?” आणि थांबली. माझ्या कमरेला ती कात अशी लागत होती, गार. मी म्हणाले, “चल, उन्हं चढली.”

दुसऱ्या दिवशी पुनव. पहाटे उठून मी ती कात चुलीत घातली. तिचा वास सुटला, केस जळल्यासारखा. आत्याबाई आतनं ओरडल्या, “काय जळतंय गं?” मी म्हणाले, “शेणीत पीस आलं आसंल.” मग धाकलीला उठवायला म्हणून मी माजघरात गेले. ती आंघोळीला गेली होती आणि तिची पत्र्याची पेटी उघडी होती.

गं बाई, पेटी भरलेली होती. काठोकाठ. लुगडी नीट घडी घालून, त्यांच्या मध्ये आरसा गुंडाळून, फणी, भावाची पत्रं, वर एका फडक्यात प्रवासाला बांधतात तशी चटणी. ही एका रात्रीत भरलेली पेटी नव्हती. ती मी वर जायच्या आधी भरलेली होती. मी ‘दिसला’ म्हणावं म्हणून भरलेली होती.

‘माझ्या तोंडाकडं बघून सांगू नगा.’ घाबरलेली नव्हतीच ती. तिला माझी दया नको होती, एवढंच ती सांगत होती. ती वर्षभरापूर्वीच, खडी फोडताना कधीतरी, एकटीच रडून मोकळी झाली होती. उरली होती फक्त माझ्या तोंडून बाहेर पडायची एक गोष्ट.

ती आली. मला पेटीपाशी बघितलं. खाली बसली आणि एकेक लुगडं काढून परत दांडीवर टाकायला लागली. मी तेव्हा बोलायला हवं होतं. चूल अजून पेटलेली होती, राख गरम होती. मी तिला लुगडी उचलून दिली. मदत केली.

दुपारी भाऊ आला. जेवला. आत्याबाईंनी त्याला आनंदानं सांगितलं, “तुजा दाजी हाय बाबा, कुठं का आसंना.” तो बहिणीकडं बघत होता आणि ती वाढत होती. तो एकटाच परत गेला. धाकली फाट्यापर्यंत गेली होती त्याला सोडायला. परत आली तेव्हा तिच्या कमरेवर घागर होती. येता येता पाणी भरूनच आली.

चार दिवसांनी आम्ही हरभरा झोडपत होतो. मी धीर केला. “धाकले, त्या दिशी वर—”

तिनं काठी खाली ठेवली. “आक्का, आता काय सांगू नगा. मी आतनं कडी लावून घेतलीया. पुन्यांदा उघडाय लावू नगा.”

हे तिनं काय समजून म्हटलं? तिला ठाऊक होतं का? वास तिनंही घेतला असेल. पन्नास वर्षं मी हे घोळवत बसलेय. तिनं ‘सांगू नगा’ म्हटलं आणि मला बरं वाटलं, एवढं मात्र नक्की. कडी तिनं लावली होती, पण त्या कडीमागं लपून मीच बसले.

आणि ते तळातलं, म्हणाले होते ना. तिच्या कुंकवाचं, भाऊजींच्या शब्दांचं, सगळं खरं. पण ती गेली असती तर मी त्या घरात परत एकटी पडले असते. तुझा बाप तेव्हा रांगत होता आणि तिच्या मांडीवर झोपायचा. मला ती हवी होती. एवढंच. बघ, लिहिलं एकदाचं.

पुढं काही वर्षांनी पलटणीकडनं कागद आला की आता मृत धरण्यात येत आहे. तो मी वाचून दाखवला. आत्याबाई कागदाकडं बघून म्हणाल्या, “सायबानं कुठं बघितलंय? माझ्या सुनंनं बघितलंय.” झालं. सरकारच्या कागदापुढं माझा शब्द मोठा ठरला. धाकली कुंकू लावत राहिली. हळदीकुंकवाला गेली की काही बायका तिला आधी बोलवायच्या आणि काही मागनं म्हणायच्या, “नवरा न्हाई ठिकाणावर, आन कपाळ बघा लालबुंद.” घरी येऊन ती त्याची नक्कल करून दाखवायची, मान वाकडी करून. मी हसायची. हसताना घशात तो वास यायचा.

तो अजून येतो. चैत्र लागला, ऊन तापलं की येतो. चुलीची जागा गॅसनं घेतली तरी येतो. मी पुढं कितीदा तरी गुपचूप तालीवर गेले. कधी भर उन्हात, कधी कामाच्या मिषानं. धामण दिसली, घोरपड दिसली. नाग पुन्हा नाही. त्या भगदाडाशी वाकून मी हाकासुद्धा मारल्या आहेत. ताल तशीच अर्धी आहे. तुझ्या आजोबांनी पुरी करायला गडी लावला होता एकदा, तर धाकलीनं त्याला परत पाठवलं. कधी वाटतं, मी तेव्हाही काही पाहिलं नव्हतं. मग बोटांना ती कात ओलसर लागते.

आता तुला हे का लिहिलं ते सांगते. गेल्या सोमवारी धाकली आणि मी पायरीवर ऊन घेत बसलो होतो. मोतीबिंदूनं तिला आता नुसता उजेड-अंधार कळतो. ती एकदम म्हणाली, “आक्का, यंदा पाडव्याला वर जाऊ. तालीवर.”

मी म्हणाले, “काय करायचंय गं आता?”

“मला बघायचंय.”

“तुला दिसतं कुठं?”

“न्हाई दिसत. आन बायकूचं बघितल्यालं धरतबी न्हाईत. ठावं हाय.” मग म्हणाली, “तुमी बघा. आन ह्या वक्ताला माझ्या तोंडाकडं न बघता सांगा.”

मी ‘बरं’ म्हणाले. पण मी तिला तशी वर नेणार नाही. आधी सांगणार, मग नेणार. खाली बोरीपाशीच सांगायचं. बोर आता नाही, तिथं विजेचा खांब आहे, पण जागा तीच. ती काय म्हणेल मला माहीत नाही. कदाचित मला तिथंच सोडून घरी येईल, काठी टेकत. कदाचित म्हणेल की ठाऊक होतं. दोन्हीची भीती सारखीच वाटते बघ. आणि एकटीनं सांगायला गेले तर मी पुन्हा ‘चल, उन्हं चढली’ म्हणेन, माझा मला भरवसा नाही. समोर कुणीतरी असं पाहिजे की ज्याला आधीच सगळं ठाऊक आहे, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

म्हणून तू ये. पाडव्याच्या आदल्या दिवशीच ये, मुक्कामाला. वडूजच्या स्टँडवर उतरलीस की फोन कर, तुझा चुलता फाट्यावर येऊन थांबेल. सकाळी लवकर निघावं लागेल, आम्हा दोघींना चढाला वेळ लागतो, आणि एक हात तिला धरायला लागेल, एक मला. परीक्षा आहे, काम आहे, असलं काही सांगू नकोस. पाडवा काही लांब नाही. लवकर ये गं.